एक नग लाडू म्हणजे नक्की किती?

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. रोजच्या १५०० कॅलरी मोजून चार महिन्यांत त्यांनी पाच किलो वजन उतरवलंय. आता दिवाळी दहा दिवसांवर आली. फराळ घरीच होतो, सासूबाई करतात, आणि तो अजिबात न खाणं ताईंना जमणारही नाही आणि त्यांची तशी इच्छाही नाही. फोनमधल्या ॲपवर ‘बेसन लाडू, १ नग’ टाकलं की कुठे ११० कॅलरी दिसतात, कुठे १६०, कुठे थेट २८०. त्या विचारतात, यातला खरा आकडा कोणता धरू? आणि लाडू-चकलीसाठी वजनकाटा घेऊन बसणं जरा अतिच होतंय का?

पहिल्याचं उत्तर लगेच देते. तिन्ही आकडे खरे असू शकतात. गोंधळ आकड्यांचा नाही, ‘नग’ या शब्दाचा आहे. ज्यानं ११० लिहिलं त्याच्या घरी सुपारीपेक्षा थोडा मोठा, २१-२२ ग्रॅमचा लाडू वळत असतील. २८० वाल्याकडे लिंबाएवढा, ५५ ग्रॅमचा. दोघांनीही प्रामाणिकपणे ‘एक’च खाल्ला.

मला हे पुस्तकातून कळलं नाही, फजिती होऊन कळलं. पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम सुरू करून मला १८ वर्षं झाली. पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट. एका काकूंना मी दिवाळीसाठी लिहून दिलं होतं, ‘दुपारी चहाबरोबर २ चकल्या चालतील’. काकू शिस्तीच्या, दोनच खात होत्या. वजन मात्र उतरायचं थांबलं. मी त्यांना तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं, ‘अजून काही खाल्लं जातंय का, आठवून बघा.’ त्या बिचाऱ्या ओशाळल्या. पुढच्या खेपेला प्रेमानं माझ्यासाठी फराळाचा डबा घेऊन आल्या, त्यात बशीएवढ्या चकल्या. घरी येऊन काट्यावर टाकली तर एक चकली ४६ ग्रॅमची! माझ्या डोक्यातली चकली २० ग्रॅमची होती. चूक माझी आणि संशय त्यांच्यावर. त्या दिवसापासून मी ‘नग’ लिहिणं बंद केलं.

नंतर एकदा मुद्दाम तीन घरचे बेसन लाडू एकाच दिवशी मोजले होते. २३ ग्रॅम, ३८ ग्रॅम, ६१ ग्रॅम. बघायला तिघेही ‘लाडू’च. कॅलरी मात्र पहिल्यात सव्वाशेच्या आत, दुसऱ्यात दोनशेच्या घरात आणि तिसऱ्यात तीनशेच्या वर.

तेव्हा ताई, तुमचा खरा प्रश्न ‘लाडवात किती कॅलरी’ हा नाही. ‘माझ्या घरच्या, या वर्षीच्या डब्यातल्या एका ग्रॅममध्ये किती, आणि मी खाल्ले ते किती ग्रॅम’ हा आहे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला एकदाच सोडवायचा, घाणा होतो त्या दिवशी. दुसरा रोज, पण त्याला पाच सेकंद लागतात.

पहिला प्रश्न घेऊ. मध्यम प्रमाण धरते, तुमच्याकडचं वेगळं असेल तर आकडे बदला. बेसन ५०० ग्रॅम, तूप २५०, पिठीसाखर ३५०, काजू-बेदाणे मिळून ५०. बेसनाच्या १०० ग्रॅमला ३७० कॅलरी धरल्या तर १८५०. तुपाला ग्रॅममागे नऊ, म्हणजे २२५०. साखरेला चार, म्हणजे १४००. काजू-बेदाण्यांच्या साधारण २२०. एकूण ५७२०. आता लाडू वळून झाले की रिकामी परात काट्यावर ठेवून आकडा झिरो करायचा आणि सगळे लाडू एकदम तिच्यात. साहित्य ११५० ग्रॅमचं होतं, पण बेसन भाजताना त्यातला ओलावा उडतो, थोडं कढईला आणि हाताला राहतं, म्हणून लाडू भरतील १११५ च्या आसपास. ५७२० भागिले १११५. ग्रॅममागे ५.१ कॅलरी.

हा एकच आकडा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवायचा. मग ३० ग्रॅमचा लाडू खाल्ला तर १५३, अर्धा मोडून १४ ग्रॅमचा तुकडा खाल्ला तर ७१. ॲपमध्ये जाऊन कुणा अनोळखी माणसाचा लाडू शोधायची गरजच नाही. बहुतेक ॲपमध्ये स्वतःची पाककृती साठवायची सोय असते. तिथे एकूण वजन ग्रॅममध्ये टाका, ‘किती नग होतात’ हा रकाना शक्यतो रिकामा सोडा.

आता गंमत बघा. समजा सासूबाईंनी तुमच्यावर दया करून तूप ५० ग्रॅमनं कमी घातलं. कॅलरी ४५० नं कमी झाल्या, पण लाडवांचं एकूण वजनही ५० ग्रॅमनं कमी झालं. नवा हिशेब ५२७० भागिले १०६५, म्हणजे ४.९५. तीस ग्रॅमच्या लाडवामागे फरक पडला जेमतेम पाच-सहा कॅलरींचा! आणि तोच लाडू वळताना मूठ थोडी सैल पडून ३० चा ४० ग्रॅम झाला, तर फरक पन्नासचा. म्हणून ‘आमच्याकडे तूप कमी घालतात’ याच्या भरवशावर कुणी एकाऐवजी दोन खात असेल तर ते गणित चुकतंय. लाडवाचा हिशेब तुपापेक्षा आकारावर जास्त ठरतो. चवीसाठी तूप हवं तेवढं घालू द्या आणि लाडू लहान वळायला सांगा, असं मी सगळ्यांना सांगते. सासूबाईही खूश राहतात. कमी तुपाचा कोरडा लाडू टाळूला चिकटतो, आणि तो खाऊन समाधान न झाल्यामुळे दुसरा उचलला जातो, हे वेगळंच.

इथे कुणी म्हणेल, बेसनाला ३७० कुठून आणले, मला दुसरीकडे ३३० दिसतात. बरोबर आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते नव्यानं काढले, त्यात ५२८ पदार्थ आहेत. आपल्याकडे सर्वांत भरवशाचा आधार तोच. पण त्यात डाळी, पिठं, भाज्या, तेलबिया असे मूळ घटक मिळतील, घरचा लाडू नाही. शिवाय ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, तिला ४.१८४ नं भागलं की आपल्या ओळखीची कॅलरी मिळते. त्या तक्त्यातला हरभरा डाळीचा आकडा जुन्या तक्त्यांपेक्षा खाली आहे, कारण तंतुमय भागाचा हिशेब वेगळ्या पद्धतीनं केलाय. जुना धरलात की नवा, यानं आपल्या घाण्यात फरक पडतो दोनशे कॅलरींचा, म्हणजे तीस ग्रॅमच्या लाडवामागे पुन्हा पाच-सहाच. एक आकडा धरा आणि दिवाळीभर तोच ठेवा. त्यावर रात्र जागवू नका.

चकलीचं जरा अवघड आहे, कारण तिनं तेल किती प्यायलं हे आधी कळत नाही. भाजणीचा आकडा काढता येतो, मोहनाचा काढता येतो, पण तळणीचं काय? ॲपवाले इथे सरळ अंदाज ठोकतात. घरी मात्र हे मोजता येतं, आणि अगदी सोप्या रीतीनं. कढईत ओतण्याआधी तेल मोजायचं. एक लिटरची ९१० ग्रॅम लिहिलेली पिशवी असेल तर मोजायचीही गरज नाही. तळण आटोपल्यावर तेल तसंच राहू द्यायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी गार झालेलं तेल गाळून भांड्यात काढायचं आणि ते मोजायचं. गरम कढई काट्यावर ठेवू नका हो, माझ्या एका बहाद्दर पेशंटनं काट्याची काच तडकवली आहे, आणि उकळत्या तेलाशी असली घाई धोक्याची.

समजा ७२५ ग्रॅम तेल उरलं. म्हणजे १८५ ग्रॅम चकल्यांत गेलं, त्याच्या १६६५ कॅलरी. अर्धा किलो भाजणीच्या १८००, मोहनाच्या ५० ग्रॅम तेलाच्या ४५०, तिळाच्या दीडशेच्या आत. सगळ्या मिळून ४०६०. तयार चकल्या भरल्या ७४० ग्रॅम. ग्रॅममागे साडेपाच. २२ ग्रॅमच्या चकलीत १२० कॅलरी, त्यातल्या जवळजवळ पन्नास नुसत्या प्यायलेल्या तेलाच्या. थोडं तेल झाऱ्याला राहतं, थोडं खालच्या कागदात उतरतं, ते आपण चकलीच्याच नावावर मांडतोय. मांडू द्या. जास्तीच्या बाजूनं चुकलेलं बरं.

हे तेलाचं प्रमाण घरागणिक फार बदलतं. तेल पुरेसं तापलेलं नसताना चकली सोडली, पीठ सैल झालं, मोहन जास्त पडलं, की चकली मऊ पडते आणि तेल पिते. सोऱ्या तोच, भाजणी तीच, तरी पहिल्या घाण्यातली चकली आणि घाईत उरकलेल्या शेवटच्या घाण्यातली यांत फरक असतो. म्हणून चकली, शेव, कडबोळी यांच्या बाबतीत माझा आकडा तुमच्यावर लादणार नाही. तेल मोजायचं जमलं तर मोजा, नाही जमलं तर साडेपाच धरा आणि हात पुसल्यावर बोटं तुपकट राहत असतील तर सहा.

चिवडा सगळ्यांत फसवा, आणि त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. लोकांना वाटतं, पातळ पोह्यांचा चिवडा म्हणजे हलका. ग्रॅममागे तोही पाचच्या जवळ जातो, कारण फोडणीचं तेल, शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप. पण तो मोजला जातो वाटीनं, आणि खरा घोळ तिथेच आहे. पोहे हलके नि मोठे, ते वर राहतात. दाणे, डाळं, तिखट-मीठ-साखरेचा चुरा डबा हलत राहिला की खाली सरकतो. नरक चतुर्दशीला तुम्ही डब्याच्या वरचा चिवडा खाता आणि तुळशीच्या लग्नाला तळाचा, आणि दोन्हींची नोंद ‘१ वाटी’! माझ्याकडच्या एकाच वाटीत मी हे करून बघितलंय. वरून भरला तर २८ ग्रॅम, तळातून भरला तर ४७. कॅलरींत सांगायचं तर १४० आणि जवळजवळ २४०, कारण तळाच्या वाटीत दाणे जास्त, म्हणून ग्रॅममागचा आकडाही थोडा चढतो. उपाय दोन. वाढण्याआधी मोठ्या डावानं चिवडा खालून वर करून घ्यायचा आणि वाटी सोडून काट्यावर मोजायचा. ज्यांच्या घरात काजू वेचून खाणारं कुणी आहे त्यांनी हा हिशेब फार मनावर घेऊ नये, त्यांच्या डब्यात उरतात ते फक्त पोहे.

शंकरपाळी, करंजी, अनारसा यांच्यावर लांबण लावत नाही. घाण्याची तीच रीत. एकच सांगते, शंकरपाळं एकेक मोजू नका. तीन-चार ग्रॅमचा जीव तो, आणि घरचा काटा एक ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही, त्यामुळे एका शंकरपाळ्यात बरीच चूक होऊ शकते. वीस एकदम टाका, भागा. आणि काट्यावर एकेक हळूच ठेवत गेलात तर काही काटे तेवढं वजन ओळखतच नाहीत, आकडा जागचा हलत नाही. सगळी एकदम टाकली की बरोबर दाखवतात.

आणि जिथे काहीच मोजायला मिळालं नाही, शेजारून आलेलं ताट, ऑफिसमधला डबा, तिथे काय? तिथे माझा कामचलाऊ नियम: दिवाळीचं कोरडं फराळ, गोड असो की तिखट, ग्रॅममागे पाच. पाकातला रवा लाडू सव्वाचारच्या आसपास उतरतो कारण पाकातलं थोडं पाणी त्यात राहतं, तळलेली शेव-चकली साडेपाचला चढते, पण पाच धरून तुम्ही फार लांब जात नाही. पीठ, साखर आणि स्निग्ध पदार्थ, पाणी जवळजवळ नाही, असं ज्याचं ज्याचं रूप आहे ते सगळं याच पट्ट्यात येतं. हा नियम ओल्या गोडाला मात्र लावू नका. श्रीखंड, रसगुल्ला, गुलाबजाम, उकडीचे मोदक, पुरणपोळी यांत पाणी किती यावर सगळा खेळ असतो आणि दोन घरच्या श्रीखंडात चक्का किती टांगला होता यानंच मोठा फरक पडतो.

विकतचं पाकीट असेल तर मागे बघा. आपल्याकडच्या नियमांनुसार १०० ग्रॅममागची ऊर्जा छापावी लागते, तो आकडा घ्या आणि शंभरनं भागा. ‘प्रति सर्व्हिंग’ हा रकाना वाचून निश्चिंत होऊ नका. ती सर्व्हिंग कंपनीनं ठरवलेली असते, २० ग्रॅम, ३० ग्रॅम अशी. २० ग्रॅम शेव म्हणजे किती ते एकदा वाटीत काढून बघा, हसू येईल. शेजारी जी टक्केवारी असते ती २००० कॅलरींच्या दिवसावर काढलेली असते, तुमचा दिवस १५०० चा आहे.

आता दुसरा प्रश्न, काटा घेणं अति होतंय का. मला तरी वाटत नाही. पाच किलोपर्यंत मोजणारा, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरे. सोनाराचा पॉइंटमध्ये मोजणारा काटा कशाला? तीस ग्रॅमच्या लाडवात एक ग्रॅमची चूक म्हणजे पाच कॅलरी. घ्या-घेऊ नका ते बघा, पण घेतलात तर आधी त्याची परीक्षा करा. अर्ध्या लिटरची न फोडलेली दुधाची पिशवी ठेवा. दूध पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणून ५१५ ग्रॅम आणि वर पिशवीचे दोन-तीन. कमी वजनाची परीक्षा करायची तर दहा रुपयांची दहा नाणी घ्या, ७७ ग्रॅमच्या आसपास दाखवायला हवीत. पाच-सात ग्रॅम इकडेतिकडे झाले तर आधी सेल बदला, काटा ओट्याच्या सपाट भागावर ठेवा, वरचा पंखा बंद करा. त्यानंतरही हट्ट सोडला नाही तर काटा बदला.

आणि एक युक्ती, जी मी स्वतः रोज वापरते. ताटली ठेवून त्यात पदार्थ टाकण्याऐवजी फराळाचा डबाच काट्यावर ठेवा आणि झिरो करा. मग हवं ते काढा. काटा उणे आकडा दाखवेल, -२२, -३५, तेवढं तुम्ही घेतलंत. ताटली खराब होत नाही, तुकडा मोडून अर्धा परत टाकला तरी हिशेब आपोआप होतो. फक्त काटा मिनिटभरात स्वतःहून बंद होतो, तेवढ्यात ‘हे की ते’ चालू ठेवू नका.

पण खरं सांगू? काटा कितीही चांगला असला तरी फराळाची सर्वांत मोठी चूक काट्यावर होत नाही. जे काट्यावर आलंच नाही त्याची होते. तळताना चवीला घेतलेली चकली. करंजी फुटली म्हणून तोंडात टाकलेली. मुलानं अर्धा टाकलेला लाडू ‘वाया कशाला’ म्हणून. येता-जाता डब्यातून उचललेला चिवड्याचा बकाणा. हे कुणी लपवून ठेवत नाही, ते खाणं म्हणून लक्षातच राहत नाही. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटा अभ्यास आला होता. कमी खाऊनही वजन उतरत नाही, असं सांगणारी दहा माणसं त्यात होती. त्यांनी नोंदवलेलं खाणं प्रत्यक्ष खाण्यापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघालं. खोटं बोलत होते असं नाही. माझ्याकडच्या वह्यांतही ‘फराळ – थोडा’ अशी नोंद दिसली की मला त्या अभ्यासाची आठवण होते.

यावर मी पेशंटना एकच व्यवस्था सांगते, आणि तुमच्यासारख्या एकत्र घरात तीच चालते. स्वतःची एक लहान डबी ठेवायची. सकाळी चहा होतो तेवढ्यात त्यात दिवसाचं फराळ मोजून भरायचं. चाळीस ग्रॅम, म्हणजे साधारण दोनशे कॅलरी. त्यात पंचवीस ग्रॅमचा लाडू आणि मूठभर शंकरपाळी असोत, नाहीतर एक चकली आणि थोडा चिवडा. दिवसभरात केव्हाही खा, एकदम खा, चार वेळा खा. पाहुण्यांसमोर सगळ्यांबरोबर बसायचं असेल तर डबीतलंच बशीत काढा. मोठ्या डब्यात हात घालायचा नाही, चव बघायला सुद्धा. तळण तुमच्याच हातात असेल त्या दिवशी डबी रिकामी ठेवायची, कारण चव बघण्यातच तेवढं होऊन जातं. चाळीस हा आकडा काही पंचांगातला नाही. जेवणात एक पोळी आणि वरचं तूप सोडायची तयारी असेल तर साठ घ्या. पाच दिवसांपुरती कॅलरी वाढवून १७०० केलीत तरी मी काही म्हणणार नाही.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगायला हवं. तुम्ही मधुमेहाची इन्सुलिन किंवा गोळ्या घेत असाल तर कॅलरींच्या आधी कर्बोदकं बघायची. आपल्या वरच्या लाडवात ३० ग्रॅममागे ती १७-१८ ग्रॅम येतात, ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून बसवा. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, तर वजन उतरवण्याचा हा हिशेब सध्या बाजूला ठेवा. आणि पूर्वी कधी खाण्यावरून स्वतःला शिक्षा करण्याची, उपाशी राहण्याची, खाऊन उलटी काढण्याची सवय असेल, तर काटा घरात आणूच नका. अशा दोघी-तिघींना मी काटा कपाटात ठेवायला लावलाय, आणि त्यांच्यासाठी ‘एक लहान लाडू’ हेच माप योग्य आहे. घरात बारा-चौदा वर्षांची मुलगी असेल तर तिच्यासमोर लाडवाला कॅलरीच्या नावानं हाक मारू नका. मुलं हे फार लवकर उचलतात.

भाऊबीजेनंतर वजनकाट्यावर उभ्या राहाल तेव्हा दीड-दोन किलो वाढलेलं दिसेल. त्या सकाळी घाबरू नका. मीठ आणि गोड दोन्ही जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं. साखरेचा जो साठा स्नायूंत आणि यकृतात होतो, त्याच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बसतं. खरी चरबी एक किलो वाढायला ७७०० च्या आसपास कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात. पाच दिवसांत रोज चारशे जास्त झाल्या तरी त्या २०००, म्हणजे पाव किलो. आठवडाभर नेहमीसारखं जेवा, मग पुन्हा वजन करा.

राहिल्या सासूबाई. तुम्ही लिहिलंय की घाणा मोजायचा म्हटलं तर त्या चिडतील. माझ्या सासूबाईंचंही सगळं प्रमाण ‘अंदाजे’ होतं, विचारलं की म्हणायच्या, हाताला कळतं. मी कॅलरी हा शब्दच काढला नाही. म्हटलं, आई, तुमच्यासारखे लाडू मला जमत नाहीत, यंदा प्रत्येक वेळी तुम्ही किती घेता ते लिहून ठेवते. त्यांनी मूठ-मूठ बेसन घेतलं, मी परातीखाली काटा सरकवला. दुपारपर्यंत त्या स्वतःच विचारायला लागल्या, ‘काय गं, तूप किती झालं?’ तूप निघालं २८५ ग्रॅम, त्यांना वाटत होतं पावशेरच घालतेय. तो आकडा ऐकून त्या दोन मिनिटं गप्प होत्या, मग म्हणाल्या, ‘म्हणूनच चांगले होतात.’

झाकणावर आकडा लिहाल तो थेट मार्करनं लिहू नका, तुपकट हात लागून चार दिवसांत पुसला जातो. कागदी चिकटपट्टी लावा, तिच्यावर पेननं पदार्थ, तारीख आणि ग्रॅममागचा आकडा, एवढंच. दुसरा घाणा झाला तर पट्टी बदला, जुन्यावर खाडाखोड केली की कोणता आकडा कोणत्या लाडवाचा ते कळत नाही.